सातवरून पाचवर

बारावीच्या परीक्षेनंतर बाबांनी मला मलकापुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासला घातलं. बाबा रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. लग्नातले, जयंतीच्या मिरवणुकीतले जळके अॅम्प्लिफायर आमच्या घरात खाटेखाली असायचे, त्यामुळे उघड्या यंत्राची मला कधी भीती वाटली नाही. क्लासमध्ये शिकवणाऱ्या सरांचं मत वेगळं होतं. मुलींनी टायपिंग करावं, कॉम्प्युटर उघडायचं काम मुलांचं.

सरांनी एका कॉम्प्युटरला साउंड कार्ड बसवलं होतं. त्यावर विमानांच्या लढाईचा एक गेम होता. सुरुवातीचं संगीत छान वाजायचं, पण पहिली गोळी सुटली की तोच आवाज अडकून कट्कट्कट् वाजत राहायचा आणि सगळं गोठायचं. सर आठवडाभर झगडले. मी कार्डासोबत आलेलं माहितीपुस्तक मागून घरी नेलं आणि शब्दकोश घेऊन वाचलं. कार्डाला कॉम्प्युटरचं लक्ष वेधायला सात नंबरची लाइन दिलेली होती, आणि तीच लाइन आधीपासून प्रिंटरकडे होती. दोघं एकाच दारावर थाप मारत होते. कार्डावर बारीक पिना असतात आणि त्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी. ती सातवरून काढून पाचवर लावायची आणि कॉम्प्युटर सुरू होताना जी फाइल वाचतो, तिच्यातही सातच्या जागी पाच लिहायचं. एवढंच काम होतं.

सर जेवायला गेले तेव्हा मी ते केलं. गोळ्या सुटू लागल्या, इंजिन घरघरू लागलं. सर आले, त्यांनी काय केलंस विचारलं आणि मी खुळ्यासारखं सगळं आनंदाने सांगितलं. संध्याकाळी क्लासचे मालक आले तेव्हा सरांनी हे आपण शोधून काढलं म्हणून दाखवलं. मी मध्येच म्हणाले, हे मी केलं. मग सरांचा चेहरा बदलला. हिने परवानगीशिवाय यंत्र उघडलं आणि तेव्हापासून प्रिंटर बिघडला, असं ते म्हणाले. प्रिंटर ठणठणीत होता, पण तो चालवून पाहायला कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. मी लिहायला तयार नव्हते. बाबा मला बाजूला नेऊन म्हणाले, "तू खरी हायेस, मले माहीत हाय. पण लिहून दे. सर्टिफिकेट अडकलं तं सगळं वाया जाईन." मी लिहिला, खाली बाबांनी सही केली. सरांनी तो कागद नोटीस बोर्डवर लावला. क्लास संपेपर्यंत येता-जाता बाबांची ती वाकडी सही मला दिसत राहिली.

पुढे मी बुलढाण्याला एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागले. खामगावच्या भंगारवाल्याकडून जुने कॉम्प्युटर आणून जिवंत करायचा नाद लागला. असाच नाद असणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. गेल्या वर्षी त्यात एक व्हिडिओ आला. तोच गेम, तीच अडकलेली कट्कट् आणि मागून बोलणारा आवाज सरांचा. त्यांनी आता स्वतःची संस्था काढली होती. मेकॅनिकने साफसफाई केल्यापासून आवाज बिघडला, वर्धापनदिनाला संस्थेचा पहिला कॉम्प्युटर चालू करून दाखवायचा आहे, कोणी मदत करेल का, असं विचारत होते. लग्नानंतरच्या नावामुळे मी त्यांना ओळखू येण्यासारखी नव्हते.

मी लगेच उत्तर दिलं. मुद्दाम चुकीचं. आधी मेमरी बदलायला सांगितली. मग गेम पुसून पुन्हा टाकायला लावला. मग म्हटलं, त्या काळचेच स्पीकर लागतील. ते शेगावहून कुणाकडून तरी जुने स्पीकर घेऊन आले. ते प्रत्येक वेळी नम्रपणे कळवायचे की मॅडम, फरक नाही. तो मेसेज मी दोनदोनदा वाचायचे. मला आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू.

शेवटी त्यांनी फोन करून घरी बोलावलं. मी गेले. केस पांढरे झाले होते, पण बोलण्यातला तोरा तसाच होता. त्यांनी झाकण आधीच काढून ठेवलं होतं. टोपी सातवर होती, साफसफाई करताना मेकॅनिकने ती मूळच्या जागी लावली असणार. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, "सर, यंत्राला हात लावायची परवानगी लेखी द्या."

त्यांना ती गंमत वाटली. हसत हसत त्यांनी कागदावर लिहिलं, सही केली. मी टोपी पाचवर लावली, फाइलमधला आकडा बदलला. गोळ्या सुटल्या. सर लहान मुलासारखे खुर्चीत पुढे सरकले. मग मी माझं माहेरचं नाव सांगितलं.

त्यांनी स्पीकरचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "ते जुनं झालं आता. तुझंही चांगलंच झालं ना?"

माफी मागितली असती तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी स्विच बंद केला, टोपी उपटून पर्समध्ये टाकली आणि बस स्टँडवर आले. असल्या टोप्या भंगारात मूठभर मिळतात. कुठे लावायची ते त्यांनी तेव्हाही पाहिलं नव्हतं, आताही नाही. कार्यक्रमात तो कॉम्प्युटर मुका राहिला, ग्रुपवर फोटो आले तेव्हा कळलं. त्यानंतर त्यांचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत.

बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं, ते खूश होतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तं कवाच इसरलो होतो वं. तू काऊन एवढं धरून बसली?"

मला त्यांचाही राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.