साडेसात फुटांचा दोरा

सकाळपासून आभाळ मळकट चादरीसारखं खाली लोंबत होतं. पाऊस नाही, ऊन नाही. वारा तेवढा मधूनच येऊन दाराला ढुशी देऊन जात होता. अशा दमट हवेत चामडं मऊ पडतं, म्हणून दाभणबाईंनी दातांच्या डॉक्टरकडची खुर्ची आजच उरकायला घेतली होती. खुर्ची उलटी करून दोन्ही गुडघ्यांत दाबलेली, हातात पक्कड, आणि एकेक गंजका खिळा कुरकुरत बाहेर येत होता.

दाभणबाई हे काही त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सोफे आणि खुर्च्या मढवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. हातात कायम दाभण, आणि बोलणंही तसंच, शिरलं की पार पलीकडे निघणारं. गल्लीनं नाव ठेवलं, ते चिकटलं. चौदाव्या वर्षी मामाच्या कारखान्यात त्या काथ्या पिंजायला बसल्या होत्या. मामा गेला, कारखाना गेला, पुढे ट्रक चालवणारा नवराही गेला. पण बाई दाभणाला धरून राहिल्या. रस्त्याकडेची ही खोली, मागे दोन खोल्यांचं घर, आणि घरात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली नणंद. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे वन्संकडे स्वतःचं बोलणं भरपूर साठलेलं होतं.

"वहिनी, चहा दुसऱ्यांदा गार झाला. आता तिसऱ्यांदा करायला मी काही हॉटेल काढलेलं नाही."

"ठेवा तिथंच. गारच पिते."

वन्सं कप ठेवायला म्हणून आत आल्या आणि टेबलापाशी थबकल्या. दोऱ्याच्या रिळांशेजारी एक बशी होती, बशीत पारदर्शक दोऱ्याचे दोन तुकडे. बाजूला भिंग.

"अजून ते तुकडे जपून ठेवलेत? माणसाच्या अस्थीसुद्धा एवढे दिवस घरात ठेवत नाहीत."

"परवा रविवार आहे, वन्सं."

"ठाऊक आहे. परवा तिसरी खूण पडेल, आणि मग तुम्ही घरात बसून माझं डोकं खाल. भोगायचं मलाच आहे."

वन्संचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं.

गावाबाहेर एक जुनी दगडखाण होती. खाण बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचलं आणि तळं झालं. तळं म्हणजे तरी केवढं! या काठावरून खडा भिरकावला तर पलीकडच्या बेडकानं अंग चोरावं एवढं. डोळ्यांच्या डॉक्टरनं बाईंना सांगितलं होतं, रोज थोडा वेळ लांब बघत जा. तीस वर्षं तुमची नजर हातभराच्या पुढे गेलेली नाही. म्हणून त्या तिथं जाऊन बसायला लागल्या. आणि तिथं त्यांना दिसली माणसं, मासे धरायला लांब काठीनं हवेत दोरी फिरवणारी. दोरी मागे जायची, क्षणभर अधांतरी थांबायची, मग पुढे येऊन पाण्यावर सरळ निजायची. बाईंना वाटलं, हा तर हवेत घातलेला टाका! त्या दिवशी त्यांनी मनाशी गाठ मारली की हे आपल्याला यायला पाहिजे.

तळ्यावर वीसच जणांना जागा होती. बाईंनी प्रतीक्षा यादीत नाव घातलं आणि दोन वर्षं वाट पाहिली. नंबर लागला तेव्हा तळ्याच्या राखणदारानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हा पूर्वी शाळेत कवायत शिकवायचा. गळ्यात अजून शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. "बाई," तो म्हणाला, "इथं नियम एकच. मासा धरायचा, बघायचा, सोडायचा. दोरा तुटून गळ माशाच्या तोंडात राहिला की वहीत एक खूण. तीन खुणा झाल्या की नाव यादीच्या तळाशी."

यादीत आज चाळीस नावं होती. आणि वहीत बाईंच्या नावापुढे दोन खुणा.

मासे धरायच्या या प्रकारात गळावर पिसं नि दोरे गुंडाळून खोटी माशी केलेली असते. तिला वजन असं नाहीच. फेकायची असते ती जाड, रंगीत दोरी. दोरी आणि माशी यांच्यामध्ये जो पारदर्शक दोरा असतो त्याला म्हणतात लीडर. दोरीकडे जाड, माशीकडे निमुळता होत गेलेला. वन्संनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "लीडर निवडायचा आणि तो ऐन वेळी तुटायचा, यात नवीन काय?"

पहिला लीडर दुकानदारानं दिला होता: नऊ फुटी, केसाएवढा बारीक. "माशाला दिसतच नाही, बाई." माशाला दिसत नव्हता हे खरं. बाईंनाही दिसत नव्हता. दोन रविवारी दोन मासे लागले, दोन्ही वेळा दोरा तुटला. मग तळ्यावर मासे धरायला येणाऱ्या प्लंबरनं सल्ला दिला, "जाड लावा हो. हत्ती बांधला तरी तुटणार नाही." गेल्या रविवारी जाड लावला. तुटला नाही, पण माशी पाण्यावर अशी धप्पकन आदळायची की निम्म्या तळ्यातले मासे तळाशी जाऊन बसले. सकाळभर एकानंही तोंड दाखवलं नाही.

"जाडच ठेवा की," वन्सं म्हणाल्या. "मासा नको, खूणही नको. जागा तर राहील."

"जागा अडवून बसायला मी काय बाकडं आहे?"

खुर्ची बाजूला सारून बाईंनी भिंग उचललं. फाटलेला सोफा समोर आला की त्या आधी फाटल्या जागी बघत. कापड झिजून विरलं, की शिवण उसवली, की कुणी कात्री लावली, हे टोकं बघून कळतं. दोऱ्याचंही तसंच असायला हवं. इतके दिवस ही अक्कल आपल्याला कशी सुचली नाही, म्हणून त्यांनी स्वतःलाच एक शेलकी शिवी दिली.

पहिल्या तुकड्याच्या टोकाला एक बारीकशी वेडीवाकडी मुरड होती. ही गाठ त्यांनी मारलेलीच नव्हती! म्हणजे फेकताना लांब, लुळा दोरा वाऱ्यात स्वतःभोवतीच फिरला, गाठ पडली आणि ताण आल्यावर तिथंच तुटला. दुसरा तुकडा वेगळा होता. त्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं. हा तुटला नव्हताच. माशीची गाठ सुटून निसटला होता.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "गाठ माझी सुटली," त्या हळूच म्हणाल्या. "माझी!"

"म्हणजे?"

"तोंडात नाही धरला."

तीस वर्षं त्यांनी एकही दोरा ओठांत ओला केल्याशिवाय ओवला नव्हता, की गाठ कोरडी आवळली नव्हती. कोरडी गाठ नायलॉनला जाळते, हे त्या शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी सांगत. पण तळ्यावर पंधरा-वीस पुरुष उभे. त्यांच्यासमोर दोरा तोंडात घालून चोखायचा? बाईंना लाज वाटली होती. चारचौघांत सभ्यपणा दाखवायला गेल्या, आणि एक मासा बिचारा तोंडात लोखंड घेऊन फिरत राहिला.

वन्संनी चहा उचलला आणि न सांगता गरम करून आणला.

शनिवारी बाई दुकानात गेल्या.

"मला आखूड हवाय. साडेसात फूट."

"तो लहान मुलांना देतो आम्ही," दुकानदार म्हणाला. "नऊच घ्या. सगळे नऊच नेतात."

"सगळ्यांचे हात माझ्या खांद्याला लावलेत का? नदी असेल तिथं नऊ ठीक. आमच्या तळ्यात वीस पावलांवर पलीकडचे लव्हाळे. तेवढ्यासाठी एवढं लांबलचक लुगडं कशाला नेसवू त्या दोरीला?"

दुकानदारानं मागच्या खिळ्यावरची तीन पाकिटं काढून काउंटरवर टाकली. बाईंनी पहिलं पाकीट फोडलं.

"ओ बाई! पाकीट उघडायचं नाही!"

"कापड हाताला न लावता घेतं का कुणी?"

जाड टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरून त्यांनी दोरा उजव्या चिमटीतून सरकवला. डोळे मिटलेले. पहिल्याचं जाड अंगच मऊ होतं. ते दोरीचा जोर पुढे पोचवणार नाही, मध्येच मान टाकेल. दुसरा एके ठिकाणी एकदम बारीक होत होता, पायरी उतरल्यासारखा. तिसरा मात्र बुंध्याशी ताठ, मग सावकाश, कुठं झालं ते कळू न देता बारीक होत गेलेला, आणि शेवटचं टोक बारीक असलं तरी केसासारखं नव्हे. खुर्चीच्या काठाला त्या जो दोरा वापरत तेवढं. दोन्ही हातांना गुंडाळून त्यांनी हिसका दिला. दोरा किंचित लांबला आणि परत आला.

"हा. आणि याच्या टोकाएवढ्या जाडीचं एक रीळ. माशी बदलली की दर वेळी चार बोटं दोरा कापला जातो. कापत कापत जाड भागापर्यंत जायचं नाही मला. टोकाला नवा दोरा जोडत जाईन."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कापणं नि जोडणं मला शिकवावं लागत नाही."

रविवारी वारा पडलेला नव्हता. शिट्टी वही काखेत मारून काठानं फेऱ्या घालत होता. बाईंनी गाठ बांधली, सगळ्यांदेखत दोरा ओठांत धरून छान ओला केला आणि मग सावकाश आवळला. प्लंबर हसला. "दाभणबाई, न्याहारी झाली नाही वाटतं?"

"झाली. तुमची गाठ बांधायची असेल तर तीही द्या, थुंकी पुरेल."

प्लंबरनं आपली दोरी पाण्यावर टाकली.

पहिली फेक वाकडी गेली. दुसरी झाडात जाता जाता वाचली. तिसरीला मात्र दोरी पुढे आली, तिच्यामागून आखूड दोरा उलगडत गेला, शेवटपर्यंत, आणि माशी पाण्यावर टेकली. आदळली नाही, टेकली. बाईंनी कुणाकडं बघितलं नाही. दर चार फेकींनंतर त्या दोरा ओढून घेत आणि टोक बोटांतून सरकवून पाहत.

तासाभरानं ढग जरा फाकले आणि लव्हाळ्यांच्या कडेला मासे वर यायला लागले. बुडबुड, वर्तुळं, पुन्हा बुडबुड. सगळ्या काठावर घाई उडाली. बाईंच्या समोरच एक मोठं वर्तुळ उठलं. त्यांनी दोरा आत घेतला, बोटं फिरवली, आणि बोटांना बारीकशी खडी लागली. वाऱ्यानं गाठ पाडली होती.

"टाका, टाका!" प्लंबर ओरडला. "समोर उठलाय! गाठ कसली बघता, एका गाठीनं काय होतंय?"

हात शिवशिवत होते. दोन खुणा, दोन वर्षं, आणि समोर पाणी हलतंय. बाई खाली दगडावर बसल्या. खिशातून कात्री काढली, गाठीच्या वर दोरा कापला, रिळावरून हातभर नवा घेतला. चष्मा पुसला. जोडाची गाठ, ओठांत, सावकाश. माशीची गाठ, ओठांत, सावकाश. प्रत्येकीला दोनदा हिसका. तोवर वर्तुळं पलीकडे सरकली होती आणि प्लंबर कपाळावर हात मारत होता.

बाई उठल्या आणि पाच पावलं लव्हाळ्यांकडे सरकल्या. पुन्हा फेक. पुन्हा. सातव्या फेकीला पाण्यानं माशी गिळली.

काठी कमानीसारखी वाकली. मासा दांडगा होता. तो थेट लव्हाळ्यांत घुसायला निघाला. बाईंनी ओढलं नाही, ढिलंही सोडलं नाही. ताणलेलं चामडं हाताखाली जसं बोलतं तसं दोरा काय म्हणतोय ते ऐकत राहिल्या. तो गेला तेवढं दिलं, थांबला की घेतलं. शिट्टी वही उघडून मागं येऊन उभा राहिला होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. दोन हातांवर माशाची पाठ दिसली, हिरवट, रुंद. बाईंनी जाळीला हात घातला, आणि माशानं तोंड उघडून डोकं झाडलं.

काठी सरळ झाली. पाणी मिटलं.

"गेला," शिट्टी म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढली. "वाईट वाटतं, बाई. पण नियम तो नियम."

बाईंनी दोरा हात हात करत ओढून घेतला. टोकाशी माशी होती. पिसं विस्कटलेली, गळ शाबूत, गाठ जिथल्या तिथं. त्यांनी ती तळहातावर घेऊन शिट्टीच्या नाकासमोर धरली.

"बघा. तुमच्या माशाच्या तोंडात माझं काही राहिलेलं नाही."

शिट्टीनं माशी बघितली, दोरा बोटांनी चाचपला, गाठीला नख लावून पाहिलं. मग पेन्सिल कानावर परत खोचली आणि वही मिटली. "पुढच्या रविवारी लवकर या," तो जाता जाता म्हणाला. "ही लव्हाळ्यांची जागा लवकर भरते."

दुपारी बाई घरी पोचल्या तेव्हा वन्सं मागच्या अंगणात धुण्याच्या ढिगाशी उभ्या होत्या.

"काय झालं?"

"मासा सुटला. दोरा राहिला."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे पुढच्या रविवारी जायचंय. आणि त्याच्या पुढच्याही. तो मासा मी बघून ठेवलाय."

"चला, माझं डोकं वाचलं," वन्सं म्हणाल्या आणि ओल्या चादरीचं एक टोक त्यांच्याकडे फेकलं. "आता हे धरा. एकटीनं पिळवत नाही मला."

बाईंनी बाह्या वर सारल्या, टोक घट्ट धरलं आणि आपल्या बाजूनं पीळ द्यायला सुरुवात केली.