परत गेलेलं जहाज

नवरा गेल्यावर शेजारणीने मला पहिला सल्ला दिला तो बुटांचा. ती वसईची, आमच्याच हॉस्पिटलात नर्स, बोलायला फटकळ. मी तिथल्या लॅबमध्ये रक्त तपासते. "त्याचे बूट दाराबाहेर ठेव," ती म्हणाली. "एसीवाला येतो, पाण्याच्या बाटल्या घेऊन माणूस येतो. घरात मायलेकी दोघीच आहेत हे कशाला कोणाला कळायला पाहिजे? विचारलं तर सांगायचं, साहब नहा रहे हैं. खलास."

दोहा सुरक्षित शहर आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडच्या गेटवर चोवीस तास माणूस बसलेला असतो. पण भीतीला असल्या गोष्टी पटत नाहीत. नवरा उत्तरेकडच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर होता. त्याचे जाडजूड सेफ्टी शूज कंपनीने बाकीच्या सामानाबरोबर घरी पाठवले होते. ते मी पायपुसण्याच्या डाव्या बाजूला ठेवले. त्यानंतर साहेब सदानकदा आंघोळच करत असायचे.

मग ते शूज हलायला लागले.

आधी मला वाटलं, झाडूवाल्याचं काम. सकाळी ड्यूटीला निघताना शूज भिंतीला लावून सरळ ठेवलेले असायचे. संध्याकाळी एक जरा पुढे. कधी नाड्या सुटलेल्या, कधी टोकं दाराकडे वळलेली, माणूस आत्ताच घरात शिरलाय अशी. झाडूवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मी हात लावत नाही, मॅडम. मी कोणालाच काही बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं किंवा भटजीकडे, आणि मला दोघंही नको होते. शूज हलले की मी आधी दाराचं कुलूप बघायचे, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटायचं. मी वाकून हळूच म्हणायचे, "आलास का?"

तो अजून कुठे गेलेला नाही, असं वाटायला मला कारण होतं. दहाव्याला नाशिकला, गोदेच्या काठावर, कावळा पिंडाला शिवेना. पत्र्यावर ओळीने कावळे बसले होते, पण खाली एकही येईना. ऊन चढलं. एकेक जण पुढे होऊन मोठ्याने शब्द देऊ लागला. आईबाबांचं सगळं बघू. पोरीला खूप शिकवू. कावळे ढिम्म. शेवटी धाकटे दीर पुढे झाले, हात जोडले आणि रडत म्हणाले, "दादा, वहिनीला आणि पोरीला तिकडून घरी घेऊन येतो. काळजी करू नको." एक कावळा झपकन उतरला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी मागे बायकांत उभी होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

शाळेचं वर्ष संपलं की दोघींनी नाशिकला परतायचं, असं मग ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. मी दोहाला परत आले, नोकरीवर रुजू झाले, मुलीचा व्हिसा माझ्या नावावर करून घेतला, आणि दर आठवड्याला फोनवर "हो, बघते" म्हणत राहिले. दर महिन्याला त्याच्या तिथीला मी बाल्कनीच्या कठड्यावर दहीभाताचा घास ठेवायचे. आमच्या भागात मला कावळा कधी दिसलेला नाही. साळुंक्या यायच्या, भांडून भांडून खायच्या, शितं खालच्या मजल्यावर पाडायच्या. मला वाटायचं, शब्द दिला म्हणून तो सुटला, आणि शब्द पाळला जात नाही म्हणून दाराशी येऊन उभा राहतो. आत येत नाही, जातही नाही.

मुलगी पाचवीत, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. बाबा गेल्यापासून त्याच्याबद्दल ती कुठल्याच भाषेत बोलली नव्हती. त्या वर्षी त्यांना अमेरिकेचा इतिहास होता. मला शाळेत या विषयाची जेमतेम चार पानं होती. त्यातलं चहाचं प्रकरण तेवढं लक्षात राहिलं, कारण एवढा चहा समुद्रात ओतला हे ऐकून आमची आई खरोखर हळहळली होती. मुलीच्या शाळेत मात्र वर्षाच्या शेवटी मोठा कार्यक्रम. इतिहासाला वळण देणारा एकेक प्रसंग एकेका मुलाने घ्यायचा, त्यातल्या माणसासारखा पोशाख करायचा आणि कॉरिडॉरमध्ये पुतळ्यासारखं उभं राहायचं. प्रत्येकाच्या पायाशी लाल कागदाचं वर्तुळ. आपण त्यावर पाय ठेवला की पुतळा बोलायला लागतो. बोलून झालं की पुन्हा पुतळा.

मुलीने कोणता प्रसंग घेतलाय ते मला सांगितलं नाही. माझी पांढरी ओढणी मात्र मागून घेतली.

लॅबमधून निघायला उशीर झाला, पार्किंगकडच्या दाराने घुसले, ते नेमकं उलट्या टोकाला. त्यामुळे सगळी अमेरिका मी मागून पुढे चालले. आधी चंद्रावर उतरलेला माणूस लागला, डोक्याला प्लास्टिकचं बाऊल. मग बसमधल्या सीटवरून गोऱ्या माणसासाठी उठायला नकार दिलेली बाई. ती एक सुदानी मुलगी होती, आणि खुर्चीवर अशी घट्ट बसली होती की मीच दोन पावलं मागे सरकले. मग बँका बुडाल्यावर पावासाठी रांगेत उभा राहिलेला बेकार माणूस. गुलामगिरीवरून देश दुभंगला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष केरळचा होता, पुठ्ठ्याची उंच टोपी, काजळाची दाढी. त्याने गुलामांच्या मुक्तीची घोषणा खड्या आवाजात वाचली आणि लगेच डोळे मिटून गप्प झाला. पुढे राजाला पत्र लिहून स्वतंत्र झालेले, त्यापुढे चहा ओतणारा, आमच्या आईचा गुन्हेगार.

बाकीचे आईबाप फोटो काढत होते, हसत होते. माझ्या अंगावर काटा येत होता. ही सगळी मेलेली माणसं. कोणीतरी पाय ठेवण्याची वाट बघत ताटकळत उभी आहेत, आणि तेवढ्यापुरती बोलून पुन्हा थिजतात. असलं एक लाल वर्तुळ मला द्या, असं मला ओरडावंसं वाटलं. फक्त एकदा. शेवटचं वाक्य तरी ऐकू दे. तो प्लांटवर पडला तेव्हा मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांचा सेंट्रिफ्यूज लावत होते.

अगदी शेवटी, म्हणजे अगदी सुरुवातीला, माझी मुलगी उभी होती. काळा फ्रॉक, माझी ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली. मी वर्तुळावर पाय ठेवला. तिने डोळे उघडले. ओळख दाखवली नाही.

ती इंग्रजीत बोलली. मी मला समजलं तसं लिहिते आहे. "मी विधवा आहे. माझं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. आम्ही इंग्लंडहून जहाजातून आलो. पहिल्या हिवाळ्यात आमच्यातली निम्मी माणसं मेली. असं सांगतात, की आम्ही त्यांना पुरलं आणि जमीन सपाट केली, वर धान्य पेरलं. ही जमीन ज्यांची होती ते लोक झाडीतून बघत होते. आम्ही किती थोडे उरलोय ते त्यांना कळू नये, म्हणून. मग वसंत आला. त्याच लोकांनी आम्हाला मका लावायला शिकवलं. जहाज परत निघालं. ज्यांना घरी जायचंय त्यांनी चला, म्हणाले. आमच्यातलं कोणीही गेलं नाही."

मी विचारलं, "का?" पुतळ्याला प्रश्न विचारायचे नसतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"कारण आमची माणसं इथे होती," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

गाडीत बसल्यावर मी इंजिन सुरू करून एसी लावला, गाडी मात्र तशीच उभी ठेवली. म्हटलं, ते जमीन सपाट करणं तुला कुठे सापडलं? ती म्हणाली, पुस्तकात. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आपण पण तेच करतो ना. शूज."

मी तिच्याकडे वळले.

"तू ते नुसते ठेवून दिलेस, आई. रोज त्याच जागी. असे शूज कोण घालतं? कोणालाही कळलं असतं. म्हणून मी शाळेतून आले की हलवायचे."

मला हायसं वाटायला हवं होतं. भूत नाही, काही नाही, पोरीचा शहाणपणा. पण मला इतकं रडू आलं की स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. इतके महिने मला वाटत होतं, तो येतोय. आता कळलं, तो एकदाही आला नव्हता.

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मराठीत म्हणाली, अडखळत, "मी बंद करणार होते. पण तू त्यांच्याशी बोलायचीस. 'आलास का' म्हणायचीस. मग मला बंद करता नाही आलं."

घरी पोचल्यावर मी दिरांना फोन लावला. तिकिटांचं कधी बघायचं, हेच त्यांनी आधी विचारलं. मी म्हटलं, "भावोजी, आम्ही येणार नाही. सुट्टीला येऊ. राहायला नाही."

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "वहिनी, दादाला शब्द दिलाय. कावळा त्या शब्दावर शिवलाय. सगळ्यांनी बघितलं."

"शब्द तुम्ही दिलात," मी म्हटलं. "तुमच्या मनात माया होती, मला माहीत आहे. पण मी घाटावर काही बोलले नव्हते. आणि मला विचारलं असतं तर मी वेगळं बोलले असते."

"काय बोलला असतात?"

मी मुलीकडे बघितलं. मग म्हटलं, "पोरीला मी सांभाळते, जिथे तू तिला वाढवायला घेतलंस तिथेच. असं म्हटलं असतं. मग तो शिवायचा तर शिवला असता."

ते रडले. मीही. फोन ठेवताना म्हणाले, आईला मी सांगतो. हे त्यांचे उपकार.

मग मी दार उघडून शूज आत आणले. चांगलेच जड होते. आतल्या तळव्यावर त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडला होता. मी त्यात बोट घालून बघितलं. पुसून कपाटात ठेवले. मुलगी मागे उभी होती. "आता सगळ्यांना कळेल," ती म्हणाली, "आपण दोघीच आहोत."

"कळू दे."

दोन दिवसांनी एसीवाला आला. पेशावरकडचा म्हातारा माणूस, खांद्यावर शिडी. नेहमीप्रमाणे दारातच थांबला आणि खाली बघत विचारलं, "साहब घर पे हैं?"

"नहा रहे हैं" जिभेवर आलंच होतं. मागे टेबलावर मुलगी गृहपाठ करत होती, तिची पेन्सिल थांबली.

"साहब नहीं रहे," मी म्हटलं. "मैं हूँ, मेरी बेटी है. जो बोलना है, मुझे बोलो."

हे वाक्य मी तोपर्यंत मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. त्याने टोपी नीट केली, डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटला, आणि विचारलं, आवाज कुठल्या खोलीतल्या एसीचा येतोय. मी म्हटलं, आतल्या. त्याने शिडी भिंतीला टेकवली, वाकून स्वतःचे धुळीने माखलेले बूट काढले आणि पायपुसण्याच्या डाव्या बाजूला, त्या रिकाम्या जागेवर ठेवले.