जोडीचं पुस्तक

त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत होतो. चपराशी नामदेव चहा ठेवून म्हणाला, "सर, लायब्ररीतले गायकवाड सर सकाळी गेले. दवाखान्यातच." मी हातातला पेपर पूर्ण तपासला, मग पेनाला टोपण लावलं. दुपारी डबा उघडला आणि परत झाकला. आम्ही दोघं एकत्र जेवायचो.

माणूस असतो तोवर त्याचे किस्से इकडंतिकडं पडलेले असतात. गेला की एका दुपारीत गोळा होतात.

*

जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात प्राचार्यांनी नियम काढला होता. जे पुस्तक कुणी नेत नाही, ते गोदामात. मुलं न्यायची फक्त गाइडं. म्हणजे इतिहास, तत्त्वज्ञान, कविता सगळं जाणार.

गायकवाड सरांनी तोड काढली. गाइड पाहिजे तर जोडीला एक पुस्तक न्यायचं. परत करताना त्यातली एक गोष्ट सांगायची. तरच जमा.

"सर, परीक्षा तोंडावर आलीय."

"म्हणून तर पातळसं पुस्तक काढून ठिवलंय."

*

प्राचार्यांनी एकदा तत्त्वज्ञानाचं पुस्तक उघडलं. आतली चिठ्ठी तारखांच्या शिक्क्यांनी भरलेली.

"गायकवाड, एवढं कोण वाचायलंय हे?"

"वाचलं का न्हाई ते सांगता येत न्हाई. पर लय घरं फिरून आलंय."

*

चारठाण्याच्या एका मुलानं जुन्या देवळांवरचं पुस्तक परत आणलं.

"काय वाचलं?"

"ह्यात आमच्या गावच्या देवळांचं नावच न्हाई, सर."

"मग जागा हाय. तू लिही."

मुलगा हसला. सर हसले नाहीत.

*

बहात्तरच्या दुष्काळात वर्ग रिकामे झाले. मुलं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. सर सायकलला पिशवी लावून कामावर पोचले आणि तिथंच शिक्के मारायला लागले. कुणीतरी आवई उठवली, शिक्क्याचं पुस्तक घेतलं की सुकडीचा शिधा जास्त मिळतो. बायका-माणसांची ही रांग लागली!

"सुकडी न्हाई, माय. नुसतं पुस्तक हाय," सर एकेकाला सांगत रांगेच्या टोकापर्यंत गेले.

रांग मोडली. एक म्हातारी तेवढी थांबली. "आणलंय तर दे बाबा. नात वाचंल."

*

सर गेल्यावर आठवडाभरात कपाटं रिकामी झाली. गोदामात न्यायचे पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून दाराशी ठेवले होते. तेव्हा त्या चारठाण्याच्या मुलाचे वडील आले. काखेत एक पुस्तक.

"पोरगं ऊसतोडीला गेलंय. जाताना म्हणलं, एवढं जमा करा."

"ठेवा त्या गठ्ठ्यावर," प्राचार्य म्हणाले.

"तसं कसं, साहेब? आधी सांगावं लागतंय. पोरानं मला समदं वाचून दाखवलंय."

"गायकवाड सर वारले, बाबा."

म्हाताऱ्यानं पुस्तक काखेतून हातात घेतलं. "मग आता ऐकून कोण घेतंय?"

प्राचार्य घड्याळ बघायला लागले. मी इतिहासाचा प्राध्यापक, गठ्ठ्याशेजारीच उभा होतो. म्हाताऱ्यानं पुस्तक परत काखेत मारलं आणि तो एसटी गाठायला निघाला.

त्यानं काय ऐकलं होतं, ते आम्ही कुणी विचारलं नाही.