आली, खाली, गेली

सुमित भालेरावला कंपनीने एकोणीस वर्षांनी मोकळं केलं, तेव्हा पत्रात 'नव्या वाटा शोधण्यासाठी शुभेच्छा' असं लिहिलं होतं. वाट सापडायला आठ महिने लागले, आणि ती काल्हेरला गेली. धामणकर नाक्यावरच्या घरापासून रिक्षाने चाळीस मिनिटं. मध्ये कंटेनर आडवा नसेल तर.

या आठ महिन्यांत त्याने सहा सर्टिफिकेटं मिळवली. 'स्वतःला नव्याने मांडा,' असं एका करिअर कोचने तासभर बोलून सांगितलं. नोकरी मात्र दिली केसरीनाथ पाटलांनी. त्यांच्या भातशेतीच्या जागी आता चार गोदामं उभी होती.

"तीन महिने बगू," पाटील म्हणाले. "जमला त कायम, नाय त च्या पिऊन निघायचा."

सुमितची बायको दीक्षा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिने विचारलं, "पद काय?"

"डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन."

"गोदामात?"

"गरज तिथेच असते."

"बरं. डबा मोठा देते."

पंचेचाळिशीत दुसऱ्यांदा घरी बसायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात ट्रकच्या नोंदींचं ॲप करायला घेतलं. भाषा तिथल्याच माणसांची हवी, म्हणून सुपरवायझर यादवला विचारलं, माल उतरवलेल्या गाडीला तुम्ही काय म्हणता? यादव म्हणाला, "खाली." झालं. तीन बटणं तयार झाली: आली, खाली, गेली. यमक जुळल्याचा सुमितला फार आनंद झाला. एकोणीस वर्षांत त्याचं एकही काम इतकं लयीत गेलं नव्हतं.

अकरा आठवडे ॲप बिनचूक चाललं, कारण ते कोणी वापरतच नव्हतं. वरच्या ऑफिसातून यादव ओरडून विचारायचा, गेटवरची हौसा ओरडून सांगायची. बाराव्या आठवड्यात सुमितने ओरडणं बंद करायला लावलं.

त्याच दिवशी नाशिकहून प्रेशर कुकरने भरलेला ट्रक आला. हौसाने 'आली' दाबलं आणि पाठोपाठ 'खाली'. वर यादवने ते वाचलं आणि गाडी सोडायचा मेसेज टाकला. ड्रायव्हर जेवून आला, मेसेज बघितला आणि निघाला. कसाऱ्याच्या घाटात त्याला गाडी जड वाटली. पण मोबाइलवर तर खाली होती. कुकर नाशिकला सुखरूप परत पोचले.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी तिघांना समोर उभं केलं.

"हापिस वर, गाडी खाली उभी," हौसा म्हणाली. "मंग खालीच दाबनार ना."

"खाली मतलब खाली," यादव म्हणाला. "इसमें दूसरा मतलब कहाँ से आया?"

पाटील सुमितकडे वळले. "यो शबूद कोनी घातला?"

सुमितच्या लॅपटॉपमध्ये चौदा स्लाइड तयार होत्या. पहिलीवर 'संवादातील दरी' असं लिहिलं होतं आणि खाली एका दरीचा फोटो होता. त्याने लॅपटॉप अर्धा उघडला, हौसाकडे पाहिलं आणि मिटला.

"मी," तो म्हणाला. इतकं थोडक्यात तो कुठल्याच मीटिंगमध्ये बोलला नव्हता.

मग त्याने हौसाला विचारलं, "मावशी, गाडी भरलेली आहे हे एरवी कसं ओळखता?"

"टायर बघायचा. भरलेली असली का त्याचं पोट सुटतं."

"मग काल बघितलं नाहीत?"

"बघितला की. टायराचं बटन कुटं हाय तुमच्यात?"

पाटलांनी मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला. मग म्हणाले, "भालेराव, कायम केला तुमाला. पन महिनाभर गेटवर बसायचा, हवसाच्या बाजूला. तवर एक बटन करायचा नाय."

सोमवारी सुमित प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. पहिला ट्रक आत वळला. त्याने मागचं टायर नीट न्याहाळलं आणि एकोणीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलं, "भरलेली."

"हवा कमी हाय त्यात," हौसा म्हणाली. "रिकामी हाय ती. पुढची बघा."