यादीतून गळालेला नंबर

"आधी फाइल बंद, मग बटण" असं मी तिन्ही संगणकांवर लिहून चिकटवलं होतं. दारव्ह्याच्या आमच्या दवाखान्यात सिकलसेल या जन्मभराच्या रक्तविकाराच्या पेशंटांची नोंद एकाच जुन्या फाइलीत होती. माझ्या टेबलावर, लॅबमध्ये आणि औषधखोलीत तीच एकाच वेळी उघडलेली असायची. कुणी भरत असताना लाइन गेली की ती बिघडायची, आणि यूपीएस तर केव्हाच मेलेला. मी दिवसभर सगळ्यांवर खेकसायची. लॅबवाले भाऊ हसायचे, "मॅडम, घरीबी असंच करता काय?"

आणि माती खाल्ली ती मीच. एका दुपारी डोक्यावरच वीज कडाडली. मी इतकी दचकले की कुणाला हाक न मारता मेन स्विच खाली ओढला. भाऊ तेव्हा शिबिरात तपासलेल्या मुलांच्या नोंदी भरत होते.

फाइल उघडेना. मी रोज प्रत काढायची, पण फाइल चालू असतानाच, त्यामुळे तीही बिघडलेली निघाली. शेवटी फाइलदुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला, फाइल उघडली, सगळे खुशीत चहाला गेले. मी मात्र संगणकापाशीच थांबले. जी नोंद वाचता येत नाही ती दुरुस्तीत गुपचूप टाकून दिली जाते, हे मला ठाऊक होतं. मी एकेका पेशंटचा नंबर बोटानं तपासला. एक नव्हता. त्या नंबराचं, शिबिरात मीच लिहून दिलेलं कार्ड पेशंटच्या घरी, आणि शिबिरातल्या चिठ्ठ्या भाऊंनी भरल्या भरल्या फाडून टाकलेल्या.

मी कुणाला बोलले नाही. स्विच कुणी ओढला हे निघालं असतं, त्याची लाज वाटली. सिस्टर गोळ्या आणि त्याच फाइलीतून छापलेली यादी घेऊन वस्त्यांवर निघायच्या तेव्हा मी कीबोर्डवर मान खाली घालून बसायची. दारात कुणीही आलं की आधी हातातलं कार्ड बघायची.

दुसऱ्या महिन्यात एक बाई मुलीला पाठीवर घेऊन आली. मुलीचे गुडघे सुजलेले, अंगात ताप. कार्डावर तोच नंबर होता, माझ्याच अक्षरात.

"इतके दिवस काहून नाही आणलं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"सिस्टरबाई आलत्या ना वस्तीवर. बाजूच्या पोराले गोळ्या देल्या. हिचं नाव यादीत नाही म्हणे. मले वाटलं, नाव काढलं म्हणजे पोरगी बरी झाली." ती ओशाळून हसली. "वस्तीत गूळ वाटलता मी, मॅडम."