जुन्या वाटेवरच्या काठ्या

वेंडेल कोलबर्नला टेकडीवर कधी कोणी हुशार म्हटलं नाही, आणि आळशीही म्हटलं नाही. व्हरमाँटच्या त्या डोंगरात माणसाला एवढी कीर्ती पुरते. गावचा बर्फ काढणारा ट्रक खालच्या रस्त्याने निघून जायचा. तिथून वर अर्धा मैल चढाची खाजगी वाट आणि तिच्यावर दोनच घरं: मध्यावर वेंडेल आणि त्याची बायको लोइस, टोकाला नॉर्मा ग्रीली. लग्नापासून चव्वेचाळीस हिवाळे वेंडेलने ती वाट आपल्या छोट्या ट्रॅक्टरने मोकळी ठेवली होती. नॉर्मा आता ब्याऐंशीची, नाकात ऑक्सिजनची नळी. दर मंगळवारी दहाला तिचे सिलिंडर खालून यायचे. वाट बंद राहिली तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

यंदा वेंडेलने ट्रॅक्टरवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सप्टेंबरात सांगितलं. त्याच्या देखत सांगितलं, पण गाडीत बसेपर्यंत ते त्याच्या डोक्यातून निघूनही गेलं. हल्ली बरंच काही असं निघून जात होतं. डॉक्टरांचं काय जातं! एक वाक्य बोलून ते मोकळे. ते घरी नेऊन रोज त्याच्यासोबत जेवायला बसायचं बायकोने. किल्ली वेंडेलच्या खिशात होती आणि ती मागायचं धाडस लोइसला दोन महिने झालं नव्हतं. ट्रॅक्टर हिवाळ्यासाठी तयार करताना त्याच्याकडून सगळं शिकून घ्यावं, आणि मग किल्ली त्याने आपणहून हातात द्यावी, एवढीच तिची इच्छा होती. एवढ्या संसारानंतर नवऱ्याच्या खिशात चोरासारखा हात घालायला तिला लाज वाटत होती.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दोघं शेडमध्ये उतरली. वेंडेलच्या डोक्याने दगा दिला होता, हातांनी नाही. पाना कुठे टांगलाय हे त्याला विचारावं लागत नव्हतं. समोरचं पातं चढवलं, तेव्हा त्याने पातं ज्यांच्यावर टेकून सरकतं त्या लोखंडी वाहाणा बोटभर खाली घेतल्या.

"जमीन गोठेपर्यंत पातं उचललेलंच हवं," तो म्हणाला. "नाहीतर बर्फाबरोबर सगळी खडी खरवडून नॉर्माच्या अंगणात नेऊन टाकशील."

"ती म्हणेल, आयती मिळाली."

"ती फुकटचं काहीही घेते. मागच्या चाकात काय भरलंय?"

"मिठाचं पाणी."

"साधं का नाही?"

"गोठेल. आणि भरायचं ते वजनासाठी, उतारावर चाक घसरू नये म्हणून."

"शाबास! मला वाटायचं, तुला फक्त बीन्स शिजवण्यातलं कळतं."

"त्याच बीन्सवर उभा आहेस, म्हाताऱ्या."

तो हसला. असा हसला की लोइसला वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असावं. मग त्याने तिला चाकांच्या साखळ्या जमिनीवर पसरायला लावल्या, आकड्यांची टोकं टायरपासून बाहेर. चाक वर चढवून तिने त्या आवळल्या.

"झालं," ती म्हणाली.

"काही झालं नाही. पहिल्यांदा आवळलेली साखळी खोटं बोलते. थोडं चालवायचं, थांबायचं, परत आवळायची. चढून बस. त्या मेपलच्या झाडापर्यंत जा, मी बाजूने चालतो."

लोइस बसली. लहान गिअर, क्लचवरून पाय काढलेला, जसं त्याने सांगितलं तसं. ट्रॅक्टर साखळ्या खडखडवत उताराला लागला. वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवलेल्या होत्या. जमीन दगड होण्याआधी त्या रोवाव्या लागतात, म्हणजे पुढे तीन फूट बर्फात वाट कुठे आणि दरी कुठे ते कळतं. हे काम वेंडेलने शुक्रवारी एकट्याने उरकलं होतं, ती नॉर्माकडे गेली असताना. प्रत्येक काठीच्या टोकाला लाल फ्लॅनेलची चिंधी होती.

मेपलपाशी वाट उजवीकडे वळते. काठ्या डावीकडे गेल्या होत्या.

लोइसने ब्रेक दाबला. डावीकडे वेंडेलच्या लहानपणची वाट होती. त्यांच्या लग्नाच्या आदल्या वर्षी पुराने तिचा काठ खाल्ला, आणि आता झुडपांमागे पंधरा पावलांवर ती संपत होती. खाली तीस फुटांवर ओढा. काठ्या अगदी नीट, सारख्या अंतरावर, थेट त्या कड्यापर्यंत गेल्या होत्या. बर्फ पडल्यावर कोणीही डोळे झाकून त्यांच्यामागे गेला असता.

वेंडेलनेही त्या पाहिल्या. त्याने हात घालून ट्रॅक्टर बंद केला.

"हा कोणाचा गाढवपणा?" तो ओरडला. "कोणाला मारायचा बेत आहे?"

लोइसच्या तोंडून पटकन निघून गेलं, "माझा. मी लावल्या."

"तू?" त्याचा आवाज एकदम खाली आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "लोइस, ही वाट नाही गं. इथून पडलीस तर वसंतातच सापडशील. यंदा तुला थोडं थोडं चालवू द्यावं असं माझ्या मनात होतं. पण नाही. ज्याला वाट कळत नाही, त्याला ट्रॅक्टर द्यायचा नसतो."

त्याने किल्ली काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि वर बटण लावलं.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. आता गप्प बसली असती तर पहिल्या बर्फाला वेंडेलच ट्रॅक्टर काढून निघाला असता. लोइसला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. तिने जवळची काठी उपटली आणि त्याच्यासमोर धरली.

"गाठ बघ."

वेंडेल डावखुरा. त्याच्या बापाने शिकवलेली ती गाठ तो उलट्या बाजूने मारायचा, आणि लोइसला ती चव्वेचाळीस वर्षांत एकदाही जमली नव्हती. त्याने चिंधीवरून अंगठा फिरवला.

"कधी?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी."

"मग तू का म्हणालीस, तू लावल्या?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच की."

त्याने बटण काढलं. किल्ली तिच्या तळहातावर ठेवून त्याने तिची मूठ आपल्या हाताने मिटली. लोइसला हवं होतं ते हेच, आणि असं मिळायला नको होतं.

"उद्या मला हे आठवणार नाही ना?" तो म्हणाला.

"नाही."

"मग मी किल्ली मागेन."

"मागशील."

"तेव्हा हरवली म्हणू नकोस. मी शेड उलथीपालथी करेन. खरं सांग. आणि ही काठी घरात ठेव, नुसतं तोंडी सांगितलंस तर मी भांडेन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही माझा."

त्या दुपारी दोघांनी मिळून डावीकडच्या बाकी सगळ्या काठ्या उपटल्या आणि उजवीकडे रोवल्या. वेंडेल धरायचा, लोइस ठोकायची. साखळ्या परत आवळायच्या राहिल्यात हे त्यालाच आठवलं.

पहिला बर्फ नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी पडला. वेंडेल पहाटे बूट चढवून खिसे चाचपत होता. लोइसने काठी आणली, सगळं सांगितलं. त्याने गाठ पाहिली आणि विचारलं, "कोणाला लागलं तर नाही ना?" पुढे प्रत्येक बर्फाला तसंच. प्रत्येक वेळी त्याला ते नव्याने कळायचं, आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच असायचा. लोइस "नाही" म्हणून बाहेर पडायची, वाट साफ करायची. परत येईपर्यंत तो खिडकीशी उभा असायचा, का ते विसरून.

मार्चमध्ये एका मंगळवारी दीड फूट पडला. लोइस थकली होती. बर्फाने नाही, सांगून सांगून. तो खिसे चाचपू लागला तेव्हा ती म्हणाली, "ट्रॅक्टर बिघडलाय रे."

वेंडेलचा चेहरा उजळला. "मग आधी का नाही सांगितलंस?" हत्यारांची पेटी उचलून तो शेडमध्ये गेला. साडेआठला लोइस दारापर्यंत गेली, तेव्हा तो इंजिनाचं झाकण उघडून आत वाकला होता आणि शीळ घालत होता. वर्षभरात तिने ती शीळ ऐकली नव्हती. ती तिथेच थांबली, जितकं थांबता येईल तितकं. नऊ वाजले. दहाला सिलिंडरची गाडी येणार होती.

"काही सापडत नाही बघ," तो आतूनच म्हणाला. "सगळं ठीकठाक आहे. तूच काहीतरी चुकलीस." मग त्याने मान वर केली. "ती काठी कशाला आणलीस?"

लोइसने त्याला सांगितलं.