समितीसमोर घातलेलं गाऱ्हाणं

देवाच्या नावाने राखलेल्या देवराया वाचवायचा कायदा राज्यात होणार आणि त्याच्या मसुद्यावर मालवणात समिती गावागावांचं म्हणणं ऐकणार, असं कळलं तशी मी निवेदन लिहायला बसले. जन्मभर मास्तरीण होते, दुसऱ्याच्या लिखाणात चुका काढायची हौस जात नाही. मसुदा चांगला होता, फक्त चौथं कलम सोडून. त्यात देवराईचा कारभार सरकारी अधिकाऱ्यांकडे जाणार होता. म्हणजे आमच्याच देवापुढे दिवा लावायचा तर आधी अर्ज करा! ज्या राईतली सुकी काटकी गावाने कधी चुलीत घातली नाही, देवाचा कौल घेतल्याशिवाय फांदीला हात लावला नाही, ती राई म्हणे आता आमच्यापासून वाचवणार. माझं डोकंच फिरलं.

निवेदन वाचायचा मान गावच्या मानकरीकाकांचा. जत्रेत देवाला गाऱ्हाणंही तेच घालतात, ते मागणं मागतात आणि मागे उभा गाव दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतो. माझ्या पडवीत मी त्यांच्याकडून चार वेळा वाचून घेतलं. पाचव्या वेळी ते चष्मा विसरल्याचं सांगून घरी गेले.

सुनावणीला आम्ही तीसेक जण गेलो. व्यासपीठावर फुलं, उदबत्ती, आणि उंच खुर्चीत अध्यक्ष, डोळे अर्धे मिटून. समोर उभे राहिल्यावर काकांचे हात आपोआप जुळले. मी लिहिलेला कागद त्यांच्या खिशातच राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा!" मागून गाव गरजला.

"आमची राय राखूची आसा..."

"व्हय म्हाराजा!"

अध्यक्ष खूश झाले. हसून म्हणाले, "म्हणजे चौथं कलम गावाला मान्य आहे."

"व्हय म्हाराजा!"

टंकलेखकाची बोटं चालली. मी ताडकन उठले, "नाही, नाही! ते खोडा!"

"बाई, गावाने एकमुखाने होकार दिलाय. तुमचं वैयक्तिक मत लेखी द्या."

मी मागे वळून पाहिलं. तीस माना खाली. एकजण पुटपुटला, "सवय गो बाय, तोंडातसून भायर पडला."

मला रडू यायला लागलं, आणि रागही. एवढी जपलेली राई आम्ही आमच्याच तोंडाने देऊन बसलो होतो. काय करतेय हे कळायच्या आत मी हात जोडले. आमच्याकडे बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी ऐकलेलं नाही.

"बा देवा म्हाराजा! लेकरांच्या तोंडातसून चुकान व्हय गेला, ता पोटात घाल. रायचो कारभार आजपर्यंत गावान केलो, फुडेपण गावाकडेच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

कुणी ओ देईना. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग काका माझ्या मागे जाऊन गावकऱ्यांत उभे राहिले आणि एकटेच ओरडले, "व्हय म्हाराजा!" त्यांच्यामागून सगळा गाव.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "चौथं कलम गावाला अमान्य," त्यांनी टंकलेखकाला सांगितलं. कायदा अजून व्हायचा आहे, पण नोंद तशीच आहे.

परतताना एसटीत काका माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "गाऱ्हाण्याच्या सुरवातीक 'बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या' म्हणूचा ऱ्हवला तुझा. म्हण बघू माझ्यामागसून."